दोनदा धूर मारला, तरी डेंग्यू थांबेना

बी_विंग
पुण्यातली ६४ फ्लॅटची सोसायटी. ऑगस्टपासून डेंग्यूचे चार रुग्ण झाले. दोनदा धूरफवारणी केली, आता कमिटी तिसऱ्यांदा पैसे मोजायला निघालीये. आवारात डबकं नाही, गटारं झाकलेली. मग डास येतात कुठून?

अळीमारक
तिसऱ्या धुराचे पैसे वाचवा. त्याने तेवढ्या वेळी उडणारे डास मरतात, तेही लोकांनी खिडक्या लावून घेतल्या नाहीत तर. अळ्यांना काहीच होत नाही आणि पाण्यातल्या कोषांतून दोनेक दिवसांत नवे डास बाहेर पडतात.

गटारांचा नाद सोडा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणजे उगम आवारातच किंवा शेजारी. गच्चीपासून सुरू करा: टाकीचं झाकण नीट बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का. मग ताडपत्रीच्या घड्या, तुंबलेली पन्हळ, लिफ्टचा खड्डा. घरात कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली. टॉर्च मारला की अळ्या तळाशी पळतात, त्यामुळे नुसतं डोकावून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं न हलता थांबा, श्वास घ्यायला वर येतातच.

कुंडीवाली
ताटल्या तर आम्ही दर रविवारी ओततो. तरी अळ्या कशा?

अळीमारक
नुसतं ओतून भागत नाही, ताई. अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. कोरडी कित्येक महिने टिकतात, पाणी चढलं की फुटतात. काथ्याने कडा घासा आणि ताटली उन्हात पालथी ठेवा. अंड्यापासून डास व्हायला या हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम मोडू नका. अळ्यांचं पाणी मातीवर ओता, तुंबलेल्या मोरीत नको.

पिंप रिकामं करता येत नसेल तर तोंडाला कापड ताणून बांधा. प्लास्टिक बांधलं की ते खोलगट होतं आणि त्यावरच पाणी साठतं. अळ्या खाणारे गप्पी मासे विहिरीत, कारंजात ठीक. ओढ्या-नदीत सोडू नका, तिथल्या माशांना त्रास होतो.

ओपीडी_नाइट
रुग्णाकडे दुर्लक्ष होतंय. तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो, त्याला चावलेला डास पुढे घरातल्यांनाच चावतो. एडिस दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि सूर्यास्ताआधी. तेव्हा रुग्णाला दुपारीही मच्छरदाणीत झोपवा, कडा गादीखाली खोचून. बाकीच्यांनी डास पळवणारं मलम सकाळीच लावावं. सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका: तेव्हाच जोराची पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर थेट रुग्णालय.

बी_विंग
लिफ्टच्या खड्ड्यात वीतभर पाणी निघालं! उपसतोय. दोन फ्लॅट वर्षभर बंद आहेत, त्यांचं काय?

अळीमारक
मालकाकडून चावी मागवा. कमोडचं झाकण लावून त्याच्या कडेला आणि मोरीच्या जाळीवर प्लास्टिक चिकटवा, बाल्कनीतल्या बादल्या पालथ्या घाला. शेजारी बांधकाम असेल तर वॉर्ड ऑफिसात आजच लेखी अर्ज द्या. क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला साठवलेल्या पाण्यात मलेरियाचे डासही होतात.