मदत हवी आहे : डासाच्या गुणसूत्राची २आर भुजा उलगडत नाही

नमस्कार मंडळी. शहरी हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलिस स्टिफेन्सी डासाच्या पॉलिटीन (अनेक प्रती एकत्र राहून जाड, पट्टेदार झालेल्या) गुणसूत्रांवर फिश तंत्राने (चमकणारा डीएनएचा तुकडा चिकटवून) जनुकांच्या जागा शोधतेय. रक्त प्यायल्यावर साधारण दिवसाभराने मादीचं अंडाशय काढते, कार्नॉय द्रावणात (ऊती टिकवणारं अल्कोहोल-ॲसेटिक आम्लाचं मिश्रण) ठेवते, मग ५० टक्के प्रोपिऑनिक आम्लात अंड्याला पोसणाऱ्या पोषक पेशी दाबून स्लाइड करते. एक्स गुणसूत्र आणि ३आर (तिसऱ्याची उजवी भुजा) सुरेख उलगडतात, पट्टा न् पट्टा दिसतो. २आर (दुसऱ्याची उजवी भुजा) मात्र गुंतलेलीच, आणि माझं जनुक नेमकं तिथेच, २आरबी या, काही डासांत उलटा फिरलेल्या तुकड्याच्या काठावर! ॲनोफिलिस गॅम्बिई या दुसऱ्या जातीच्या डासाच्या नकाशावरून अंदाज बांधणं धोक्याचं. दोघांत भुजेच्या आतला जनुकांचा क्रम खूप बदललाय.

अंडाशय नेमकं कोणत्या टप्प्यावर काढावं? की अळीच्या लाळग्रंथी घेऊन बघू? कुणाकडे २आरचे स्पष्ट फोटो असतील तर कृपया दाखवा, काम फार अडलंय.