मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात ५६००एक्सचं ओव्हरक्लॉक ठेवावं की काढावं?

नमस्कार मंडळी,

मशीन असं आहे: एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १२० एमएम पंख्याचा टॉवर कूलर, केसला पुढे दोन आणि मागे एक पंखा. हिवाळ्यात ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे वेग मूळ सेटिंगच्या वर नेऊन सगळे कोअर १.३ व्होल्टवर ४.६ गिगाहर्ट्झला फिक्स केले. खोली २२ अंशांवर असताना सिनेबेंच या पूर्ण ताण देणाऱ्या चाचणीत प्रोसेसर ७४ च्या वर जात नव्हता. आता दुपारी खोलीच ३८ ला असते आणि प्रोसेसर ९० गाठतो. हीटसिंक काढून साफ केला, पेस्ट नवी लावली, फरक जेमतेम. खोली जेवढी तापली तेवढाच प्रोसेसर तापलाय, म्हणजे कूलर त्याचं काम करतोय. पण एएमडीने दिलेली कमाल मर्यादा ९५ आहे, आणि नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) अजून लागायचाय.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात, त्यामुळे तासन्‌तास चालणारे एच.२६५ फॉरमॅटमधले व्हिडिओ एक्स्पोर्टही आत्ताच. हे फुटेज पुन्हा शूट करता येत नाही, म्हणून थंडीत स्थिर वाटलेलं सेटिंग ९० अंशांवर दगा देईल याची खरंच धास्ती वाटते.

घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. गच्चीवर चुना मारलाय, तरी रात्री दहालाही भिंत हाताला गरम लागते. डेझर्ट कूलर लावला की खोली ३० च्या आसपास येते आणि प्रोसेसरही ८२-८३ वर उतरतो. पण साफ करताना हीटसिंकच्या पात्यांत धूळ कोरडी नव्हती, ओलसर नमद्यासारखी चिकटली होती. आमचं पाणी बोअरचं, वाळ्याच्या ताट्यांवरही क्षाराचा पांढरा थर येतो. मशीन चालू असताना भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यामुळे दव धरणार नाही हे कळतं. काळजी आहे ती त्या क्षाराची.

२४० एमएमचं लिक्विड कूलिंग घे, असं दुकानदार म्हणतात. पण तेही उष्णता शेवटी याच खोलीच्या हवेत सोडणार ना? मला व्होल्टेज उतरवणं जास्त पटतं. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, म्हणजे त्याच वेगाला १.३ चे १.२ केले तर सुमारे १५ टक्के उष्णता कमी. मात्र १.२ ला ४.६ टिकणं अवघड दिसतं, वेग थोडा सोडावा लागेल. दुसरा मार्ग म्हणजे फिक्स क्लॉक काढून पीबीओ (एएमडीची आपोआप वेग वाढवणारी सोय) लावायचा, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक वेगाचं व्होल्टेज खाली आणणारं सेटिंग) उणे १५ वर ठेवायचा आणि पीपीटी (प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) मूळच्या ७६ वॅटवरच बांधायची.

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे कोणी ५६००एक्स असा उन्हाळाभर चालवलाय का? कर्व्ह ऑप्टिमायझरने एक्स्पोर्टचा वेळ किती वाढला? आणि डेझर्ट कूलरच्या खोलीत केसच्या पुढच्या जाळीला कोणता फिल्टर लावता, किती दिवसांनी धुता? आकडे देताना खोलीचं तापमानही लिहा, नाहीतर एसीतले ७० आणि आमचे ९० यांची तुलनाच होत नाही.