उंचीनुसार कीटकांची विविधता कशी बदलते?

प्रश्न: पर्वतावर जसजसे वर जावे, तसतशा कीटकांच्या जाती सरळ घटत जातात का?

उत्तर १: सरसकट तसे म्हणता येत नाही. मुंग्या थंडीमुळे झपाट्याने विरळ होतात. मात्र इक्वेडोरच्या अँडीजमध्ये सुमारे १,००० ते २,७०० मीटरच्या टप्प्यात जिओमेट्रिड या पतंगांच्या एका कुळातील हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आणि वर जातानाही ही विविधता फारशी ओसरली नाही.

उत्तर २: बंबलबी या मधमाश्यांच्या कुळातील केसाळ माश्यांचे तर उलटेच आहे. उड्डाणाचे स्नायू थरथरवून त्या अंग तापवतात, त्यामुळे गार, ढगाळ सकाळीही फुलांवर येतात आणि हिमालयात त्यांच्या जाती पायथ्यापेक्षा वरच अधिक आढळतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सह्याद्रीतही असेच दिसेल का?

उत्तर १: कळसूबाईही १,६४६ मीटरच आहे, त्यामुळे तिथे उंचीइतकेच पाऊस आणि जंगलाचा प्रकारही तपासावेत, असे मला वाटते.