५एफ१ चॅम्प: फीडबॅक जोडला की शीळ, ६व्ही६ची प्लेट लाल

तारसप्तक:
फेंडरच्या ५एफ१ चॅम्प या छोट्या ट्यूब गिटार अँपचं सर्किट टॅग बोर्डवर बांधलंय: १२एएक्स७ (प्रीअँप ट्यूब), ६व्ही६जीटी (आउटपुट ट्यूब), ५वाय३ (रेक्टिफायर ट्यूब). पॉवर ट्रान्सफॉर्मर स्थानिक कारागिराकडून गुंडाळून घेतला, प्रायमरी २२० व्होल्ट, सेकंडरी ३२५-०-३२५. घरात लाइन २४२ व्होल्ट येते. फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे आणणारा) २२ के रेझिस्टर सुटा ठेवला तर आवाज ठीक, जोडला की कर्कश शीळ. अंधारात ६व्ही६ची प्लेट (ट्यूबमधलं धातूचं बाहेरचं आवरण) लालसर दिसते. प्लेटवर ३७५, कॅथोडवर (४७० ओहमचा रेझिस्टर) २४ व्होल्ट. व्हॉल्यूम शून्यावरही हम (गुणगुण) येतो. आधी काय बघू?

काचनळी:
आधी लाल प्लेट, आणि तोवर अँप बंद ठेवा. २४ ला ४७० ने भागा: ५१ मिलिअँप. स्क्रीनचे (ट्यूबमधली दुसरी जाळी) चारेक वजा केले की प्लेटला ४७. प्लेट-कॅथोडमध्ये ३५१ व्होल्ट, म्हणजे साडेसोळा वॅट. ६व्ही६जीटीला १४ च्या वर नेऊ नये.

मूळ दुखणं लाइनचं आहे. २२० च्या प्रायमरीला २४२ दिले की सगळंच १० टक्के चढतं. हीटर (ट्यूब तापवणारी तार) मोजा, ६.९ व्होल्टच्या आसपास निघेल. नुसता कॅथोड रेझिस्टर वाढवलात तर प्लेट वाचेल, हीटर नाही. म्हणून ९-०-९, १ अँपचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याची प्रायमरी लाइनवर टाका आणि सेकंडरीची दोन टोकं (मधली तार इन्सुलेट करून मोकळी) अँपच्या लाइव्हमध्ये उलट्या फेजने सिरीजमध्ये घाला. २२० च्या जवळपास मिळतील. अँप जोडण्याआधी मीटर लावा. २६० दिसले तर टोकं उलटी लागलीत. त्यानंतरही १४ वॅटच्या वर राहिलं तर ४७० च्या जागी ५६० ओहम, ५ वॅट.

६व्ही६ची ५ नंबरची पिनही तपासा. ती ग्रिडची (सिग्नल येणारी जाळी), तिथे शून्यच हवं. पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसलं तर ०.०२ चा कपलिंग कपॅसिटर गळतोय.

शीळ थांबवायला आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारांची अदलाबदल करा. सध्या फीडबॅक पॉझिटिव्ह होतोय.

शून्य_ओहम:
हमसाठी १२एएक्स७ काढून ऐका. तरी राहिला तर सप्लाय किंवा ६व्ही६. गेला तर त्या ट्यूबचं हीटर वायरिंग नाहीतर ग्राउंड. हीटरच्या तारा घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्या. हीटरच्या वाइंडिंगला सेंटर टॅप (मधली तार) नसेल तर दोन्ही बाजूंनी १०० ओहम ग्राउंडला.

सप्लायचा १०० हर्ट्झचा हम असेल तर पहिला कपॅसिटर फार वाढवू नका, ५वाय३ला सोसत नाही. १६ मायक्रोफॅरडचा २२ पुरे. दुसरा, ८ मायक्रोफॅरडचा, ३३ करा. सगळे ५०० व्होल्टचे घ्या. ५वाय३ लगेच तापते, ६व्ही६ मागाहून, त्यामुळे सुरुवातीचे काही सेकंद भार नसताना व्होल्टेज ४६० च्या वर जातं. ४५० चे कपॅसिटर तिथेच मरतात.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरही त्याच कारागिराकडचा असेल तर पट्ट्या कशा भरल्यात ते विचारा. सिंगल-एंडेडमध्ये (एकच आउटपुट ट्यूब) डीसी सतत वाहतो, म्हणून ई आकाराच्या पट्ट्या एका बाजूला, आय आकाराच्या दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची फट लागते. नेहमीसारख्या आलटून-पालटून भरल्या तर कोअर सॅच्युरेट होऊन खर्ज पातळ होतो.

काचनळी:
बदल केल्यावर पहिल्यांदा लाइनमध्ये सिरीजने लावलेल्या ६० वॅटच्या बल्बवरच चालू करा, स्पीकर जोडूनच. झगझगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. चासीला अर्थ हवाच. आत हात घालण्याआधी प्लग काढा, पहिल्या कपॅसिटरवर १० के, ५ वॅटचा रेझिस्टर धरा आणि मीटरने शून्य बघा.