कार्ने आसादासाठी मॅरिनेड: काय घालू, किती वेळ मुरवू?

मृण्मयी_टेक्सास
नमस्कार मंडळी. आम्ही सॅन अँटोनियोला राहतो. शेजारचं कुटुंब मूळचं मेक्सिकोतल्या माँतेर्रेचं. त्यांच्याकडे अंगणात शेगडी पेटली की आम्हाला हमखास बोलावणं येतं. आता शनिवारी त्यांना आपल्याकडे बोलावलंय आणि मला कार्ने आसादाच (निखाऱ्यांवर भाजलेलं मेक्सिकन बीफ) करायचंय.

मागच्या महिन्यात एकदा करून पाहिलं होतं. स्कर्ट स्टेक (बीफचा पोटाजवळचा लांब, पातळ तुकडा) आणला, सहा लिंबांचा रस, लसूण, जिरं, कोथिंबीर लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी पाहते तर वरचा थर पांढुरका, बोट लावलं की पिठासारखा सुटत होता. ग्रिलवर टाकल्यावर नुसतं पाणी सुटलं, डाग काही पडले नाहीत. खाताना बाहेरून भुसभुशीत आणि आतून चिवट. कुठे चुकलं? खात्रीचं प्रमाण हवंय.

रानवाट
मृण्मयीताई, चूक मसाल्यात नाही, वेळेत आहे. लिंबाचा रस मांसात खोल जात नाही, वरच्या थरावरच काम करतो. रात्रभर ठेवलात की तो थर रसातच 'शिजतो'. आतपर्यंत पोचतं ते मीठ. म्हणून आंबट कमी, मीठ मोजून आणि वेळ दोन ते चार तास. त्याहून जास्त नको.

एक किलोला माझं प्रमाण: एका मोठ्या संत्र्याचा रस, दोन लिंबांचा रस, सहा पाकळ्या लसूण ठेचून, दोन हालापेन्यो (मेक्सिकन हिरव्या मिरच्या) बारीक चिरून, अर्धी जुडी कोथिंबीर (काड्यांसकट, खरा वास काड्यांत असतो), एक लहान चमचा जिरं भाजून भरडलेलं, मिरी, तीन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे सोया सॉस आणि १० ग्रॅम मीठ. सोया सॉस ऐकून दचकू नका, मेक्सिकोतही कितीतरी घरी तो किंवा वूस्टरशायर सॉस पडतो. काचेच्या भांड्यात मुरवा, आंबटामुळे ॲल्युमिनियम नको.

ग्रिलवर टाकण्याआधी तुकडा निथळून कागदी टॉवेलने अगदी कोरडा करा. हे अजिबात टाळू नका. ओल राहिली तर आधी वाफ होते, भाजणं नंतर, आणि तोवर आतला तुकडा चामडं होतो.

कच्ची_पपई
आमच्याकडे मटणाला कच्ची पपई लावतात. इथे चालेल का?

रानवाट
स्कर्टला नको. पपईने पुन्हा तोच भुसभुशीतपणा येईल. हा तुकडा चिवट लागतो तो त्याच्या लांब धाग्यांमुळे, आणि त्यावरचा उपाय सुरीत आहे. भाजून पाच-सात मिनिटं तसाच राहू द्या, मग धागे कुठल्या दिशेने जातायत ते बघून त्यांना आडवं, पातळ कापा. धाग्यांच्या दिशेनेच कापलं तर कुठलंही मॅरिनेड वाचवणार नाही.

उत्तरायण
कामानिमित्त दोन वर्षं उत्तर मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात, हर्मोसियोला होतो. तिथे ज्यांच्या घरी जेवलो, ते मांसाला फक्त जाड मीठ लावायचे. चव मेस्कीटच्या कोळशाची. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं झाड. तुमच्या भागात त्याचा कोळसा सहज मिळेल, गॅसऐवजी तोच वापरून बघा. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की मांस टाकायचं, पातळ तुकड्याला एका बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात. शेजारी पातीचे कांदे अख्खे भाजायचे.

आणि सोनोरात टॉर्टिया गव्हाचे, इतके पातळ आणि मोठे की मला घरच्या पोळीची आठवण व्हायची. तुम्ही बिनधास्त पोळ्या करा, पाहुणे खूश होतील.

मडगावकर
मी गोव्यात आहे. इथे बीफ मिळतं, पण स्कर्ट म्हणून मागितलं तर खाटकाला कळत नाही, मिळतो तो अंडरकट. त्याला हेच मॅरिनेड चालेल ना?

रानवाट
चालेल, पण अंडरकट मुळातच मऊ. अर्धा-पाऊण तास पुरे. संत्रं गोड नसेल तर चिमूटभर साखर घाला, रंग छान येतो. आणि आपलं कागदी लिंबू मेक्सिकन लिंबाच्याच जातीचं आहे, त्यामुळे तुम्हाला ती चव आमच्यापेक्षा सोपी. अमेरिकेतल्या दुकानांत बहुतेक मोठी, बिनबियांची लिंबं मिळतात.

मृण्मयी_टेक्सास
शनिवार झाला! अर्ध्या मांसाला रानवाट यांचं मॅरिनेड, तीन तास. अर्ध्याला नुसतं मीठ, दोन्ही मेस्कीटच्या कोळशावर. कोरडं पुसल्याचा फरक आवाजातच कळला, टाकताक्षणी चर्र झालं आणि उलटलं तेव्हा खालून गडद तपकिरी. शेजारच्या आजींनी मिठाचं आधी संपवलं, मुलांनी मॅरिनेडचं. पोळ्या कमी पडल्या, पुन्हा कणीक भिजवली.

एक विचारायचं राहिलं: उरलेलं मॅरिनेड वरून घातलं तर चालतं का?

रानवाट
कच्च्या मांसाला लागलेलं असेल तर चांगलं खळखळून उकळल्याशिवाय नाही. पुढच्या वेळी मांस घालायच्या आधीच वाटीभर बाजूला काढून ठेवा.