घरच्या कामाच्या टेबलाखालच्या वायरी : तुम्ही कशा आवरल्या?

मार्च २०२० मध्ये बेडरूमच्या कोपऱ्यात ऑफिस मांडलं, ते अजून आठवड्यातले तीन दिवस तिथेच आहे. लॅपटॉप, मॉनिटर, राऊटर, स्पीकर, मोबाइलचा चार्जर, टेबललॅम्प. सगळ्यांच्या वायरी जमिनीवरच्या एका बोर्डात जायच्या. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंचा पाय त्यांत अडकला आणि त्या पडल्या. मनगट मुरगळण्यावर निभावलं, पण माझी झोप उडाली.

क्लिपा, पट्ट्या, डबे सगळं आणून पाहिलं. खरा फरक पडला तो एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरून उचलून टेबलाच्या फळीला खालून बसवल्यावर. बऱ्याच बोर्डांच्या पाठीला टांगायची भोकं असतात. फळी १८ मिमीची, म्हणून स्क्रू अर्ध्या इंचाचे घेतले. लांब घेतले असते तर टोकं वर आली असती. आता भिंतीपर्यंत एकच वायर जाते आणि केरसुणी थेट कोपऱ्यात पोचते.

तुमचे अनुभव लिहा. काय टिकलं आणि काय काढून टाकावं लागलं, दोन्ही हवंय.

ठाण्याहून

मी प्लॅस्टिकच्या टायने सगळं करकचून आवळलं होतं. मॉनिटर बदलायची वेळ आली तेव्हा टाय सुरीने कापताना मॉनिटरला चित्र पोचवणारी एचडीएमआयची वायरही कापली गेली. इंटरनेटही अधूनमधून अडखळायचं, त्याचं कारण तिथेच निघालं: लॅन केबल, म्हणजे इंटरनेटची वायर, एका टायपाशी काटकोनात मुडपली होती. सहा मिमी जाडीची कॅट-६ प्रकारची लॅन केबल जाडीच्या चौपटीपेक्षा, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा, लहान त्रिज्येत वळवायची नसते. तेव्हापासून वेल्क्रोच्या पट्ट्याच वापरते. उघडा, वायर काढा, पुन्हा लावा.

रत्नागिरीहून

आमच्याकडे चिकटणाऱ्या क्लिपा आषाढ काढत नाहीत. चुना लावलेल्या भिंतीवरून तर रंगासकट सुटून आल्या. टेबलाच्या सनमायकावर मात्र स्पिरिटने पुसून, कोरडं करून लावलेल्या दोन पावसाळे टिकल्या आहेत. भिंतीसाठी इलेक्ट्रिशियन वापरतात त्या खिळ्याच्या क्लिपाच घ्या.

आणखी एक. वायरी बंद पट्टीत घातल्या की दिसत नाहीत हे खरं, पण आमच्या घरात उंदरांनी आतल्या आत कुरतडलेलंही दिसलं नाही. मी पट्टी काढून टाकली.

नागपूरहून

झाकणाचा डबा सुबक दिसतो म्हणून घेतला. बोर्ड, लॅपटॉपचा ॲडॅप्टर, मॉनिटरचा ॲडॅप्टर सगळं त्यात कोंबलं. मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी झाकण उघडलं तर ॲडॅप्टरला हात लावता येईना. त्याच दिवशी डबा बाद केला. आता टेबलाखाली तारेची जाळी आहे आणि दोन ॲडॅप्टरमध्ये चार बोटं जागा सोडलीय. खालून वाकून पाहिलं तर पसारा दिसतो, पण हवा खेळते. आपल्या उन्हाळ्यात बंद डबा घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

सांगलीहून

वीज खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून चार ओळी. ६ अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टला साधारण १३८० वॅट पेलतो. लॅपटॉप ६५, मॉनिटर ३०, राऊटर १२ वॅट, म्हणजे तुमच्या टेबलाचा भार किरकोळ आहे. पण त्याच बोर्डावर कोणी १५०० वॅटची पाण्याची किटली लावली तर मर्यादा ओलांडलीच. बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका. आणि उरलेली एक्स्टेन्शन वायर गुंडाळून, बांधून ठेवू नका. भार वाढला की त्या वेटोळ्यात उष्णता साठते. लांब वायर आवरत बसण्यापेक्षा नेमक्या लांबीची आणा. तिसरी पिन अर्थिंगची, ती कापणाऱ्याचं ऐकू नका.

जर्मनीहून

काका, वेटोळ्याचं मला ठाऊक नव्हतं, आजच सोडवते. माझं टेबल मोटरवर वरखाली होतं, ७० ते १२० सेंटिमीटर. वायरी बसून मोजल्या. पहिल्यांदा उभं राहून काम करायला टेबल वर घेतलं आणि लॅन केबलचा खटका तुटला. टेबल सगळ्यात वर नेऊन मगच वायरी मोजा, वर वीतभर ढील सोडा.

लातूरहून

माझं टेबल साधंच, पण दिवसा मी बाहेर असलो की वीज येताजाता राऊटर आईला बघावा लागतो. तिला मोतीबिंदू आहे. प्रत्येक प्लगला कागदी टेप लावून नावं लिहिली होती, ती तिला वाचता येईनात. मग राऊटरच्या प्लगला जाड रबरबँडचे दोन वेढे दिले आणि तो बोर्डाच्या अगदी डाव्या टोकाला ठेवला. अंधारातही ती हाताने चाचपून बरोबर तोच काढते.