सल्ला हवा: साताऱ्यातून कॉन्ट्रॅक्टवर काम करते, आता कंपनी आठवड्यातून ३ दिवस हिंजवडीला बोलावतेय

गोडोलीकरीण:
नमस्कार मंडळी. जावा बॅकएंडचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पडद्यामागच्या भागाचं काम करते, पुण्यातल्या एका कंपनीसाठी, थेट कॉन्ट्रॅक्टवर. महिन्याला ८५ हजारांचं बिल लावते, टीडीएस कापून पैसे येतात. पीएफ, भरपगारी रजा यातलं काही नाही. २०२० च्या लॉकडाउनपासून घरूनच काम चाललंय आणि आजवर कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. आता नवीन मॅनेजर आलेत. ते म्हणतात, कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं असेल तर मंगळ, बुध, गुरू ऑफिसला या.

क्लायंट अमेरिकेत, कॉल रात्री. मागे एकदा बोलावलं होतं तेव्हा गेटवर लॅपटॉपचा सीरियल नंबर वहीत लिहून घेतला, व्हिजिटरची पट्टी गळ्यात अडकवली आणि कँटीनशेजारच्या टेबलावर बसवलं. आमच्यासारख्यांना ना कायमचं कार्ड, ना ठरलेली जागा. घरून ज्यांच्याशी बोलते त्यांच्याशीच दिवसभर हेडफोन लावून बोलले.

सासऱ्यांना पक्षाघात झालाय. सकाळी फिजिओथेरपीवाले येतात तेव्हा घरात कुणीतरी लागतंच, आणि नवरा एमआयडीसीत शिफ्टला असतो. जाणं-येणं, राहणं सगळं धरून महिन्याला १० हजारांच्या वर झेपणार नाही. कुणी असं निभावलंय का? काय करू?

वाकडवासी:
ताई, मी मूळचा कोरेगावचा. सरळ वाकड-पुनावळे भागात फ्लॅट बघा. मी २०१९ ला घेतला, आज किंमत कुठल्या कुठे गेलीय. हप्ता सुरुवातीला जड जातो, मग सवय होते. सासऱ्यांनाही इकडेच आणा, हॉस्पिटलं चांगली आहेत.

गोडोलीकरीण:
दादा, महिन्याचे १० हजार म्हटलंय मी. आणि सासरे गोडोली सोडून कुठंही यायला तयार नाहीत.

बोगदामार्गे:
फ्लॅट कशाला? सीएनजी गाडी घ्या. मी घेतली, सुखात आहे. पहाटे निघायचं. आनेवाडी आणि खेड शिवापूर असे दोन टोल, जाताना खंबाटकीला बोगदा मिळतो, तिथपर्यंत रस्ता कसा मोकळा असतो. पुढे नवले पूल ते चांदणी चौक एवढाच त्रास. मात्र शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून निघू नका. अख्खं पुणं महाबळेश्वरला निघालेलं असतं.

लालपरी_सातारा:
गाडीचा हप्ता, सीएनजी, दोन्ही बाजूंचे टोल. यांच्या १० हजारांत बसतंय का ते तरी बघा. एसटीनं जा. मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या एसटीत अर्धं तिकीट आहे. आणि स्वारगेटला उतरायचंच नाही. मुंबईकडच्या ज्या गाड्या बायपासने जातात त्यातली धरायची आणि वाकडला उतरायचं, तिथून हिंजवडी जवळ. कंडक्टरला आधी विचारून घ्या, कारण काही गाड्या स्वारगेट करूनच जातात. रेल्वेचा नाद सोडा. स्टेशन माहुलीला, आणि कोयना एक्सप्रेस पुण्याला पोचते दुपारी.

बोगदामार्गे:
अर्धं तिकीट ठीक आहे, पण त्यामुळे आम्हाला उभं राहून जावं लागतं त्याचं काय? पोवई नाक्यावर चढलो तर एक सीट रिकामी नसते.

लालपरी_सातारा:
स्टँडवर येऊन चढा, मिळते सीट. माझी आई त्या अर्ध्या तिकिटावर दर महिन्याला पुण्याला तपासणीला जाते. आधी जात नव्हती.

टीमलीड_खराडी:
दुसऱ्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. माझ्या टीममध्ये कॉन्ट्रॅक्टचे लोक आहेत. काही उत्तम आहेत, पण एक जण आमच्या वेळेत दुसऱ्याच कंपनीचं काम करत होता, ते आम्हाला क्लायंटनं सांगितलं. त्यानंतर वरून आदेश आला की सगळे ऑफिसात दिसले पाहिजेत. नवी पोरं शेजारी बसून जे शिकतात ते कॉलवर शिकत नाहीत, हेही खरं. टीसीएसनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून पाचही दिवस ऑफिस केलं, ॲमेझॉननं जानेवारी २०२५ पासून. वारं त्याच दिशेनं आहे. मी तुमच्या जागी असतो तर तीन दिवस मान्य केले असते, पण दर वाढवून मागितला असता. कमी तर अजिबात करू नका.

कृष्णाकाठ:
टीसीएस, ॲमेझॉनचे नियम पगारी माणसांसाठी. त्यांना पीएफ आहे, रजा आहे, विमा आहे. कॉन्ट्रॅक्टवाल्यानं कुठं बसायचं, किती वाजता यायचं, कुणाच्या समोर बसायचं हे सगळं कंपनी ठरवणार असेल तर तो नोकरच झाला, फक्त नोकरीतलं त्याला काही मिळत नाही. एकानं फसवलं म्हणून बाकीच्यांना सव्वाशे किलोमीटर पळवायचं? काम झालं की नाही ते कोड बघून कळतं.

गोडोलीकर ताई, मी बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर आहे. पहिलं काम: वर्क ऑर्डर, म्हणजे कंपनीनं दिलेला कामाच्या अटींचा कागद, काढा आणि कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर चालू मुदतीत एकतर्फी नवी अट घालणं त्यांना अवघड जातं. नवीन ऑर्डरमध्ये मात्र घालू शकतात, म्हणून बोलणी आत्ताच करा, मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात नव्हे. दुसरं: मॅनेजर तोंडी काय कबूल करतो त्याला अर्थ नाही, तो बदलला की गेलं. सवलत मिळाली तर ती ऑर्डरमध्ये लिहून घ्या. तिसरं: जावंच लागलं तर प्रवासखर्च वेगळ्या बिलात, मूळ पावत्या जोडून मागा. कामाच्या बिलात मिसळला तर त्यावरही टीडीएस कापतात. आणि दर कमी करू नका. एकदा खाली आला की वर नेताना दमछाक होते.

वाकडवासी:
जीएसटी नंबर काढलाय का? नाहीतर सगळंच अडेल.

कृष्णाकाठ:
वर्षाचं बिल सव्वादहा लाखांच्या आत येतंय. सेवेसाठी मर्यादा २० लाखांची आहे. उगाच घाबरवू नका.

शाहूपुरीची_लेक:
माझ्या बहिणीनं हेच केलं. हिंजवडीत पीजी, जेवणासकट नऊ हजार, तिघींत एक खोली. दोन रात्रींसाठी पूर्ण महिन्याचं भाडं भरत होती. रात्री अकराला क्लायंटचा कॉल, खोलीतल्या दोघी झोपलेल्या, म्हणून ही जिन्यात पायरीवर लॅपटॉप घेऊन बसायची. शेवटी सोडलं. पुण्यात नातेवाईक असतील तर बघा, पण दर आठवड्याला कुणाकडे राहणं फार दिवस गोड राहत नाही. वर सगळ्यांनी सांगितलंय तेच सांगते, दर कमी करू नका.

यवतेश्वर_वारा:
मॅनेजरला नक्की कशाची भीती आहे ते विचारलंत का? माझ्याही बाबतीत ऑफिसला या म्हणाले होते. खोदून विचारलं तर खरं कारण निघालं की जुलैत मी दोनदा कॉलमधून गायब झालो होतो. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचं वारं सुटलं की वीज जाते, हे त्यांना पुण्यात बसून कळत नाही. मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट घेतलं, एक फायबर आणि एक सिमवरचं. इन्व्हर्टर होताच, पण वीज जाताना तो चालू होईस्तोवर राउटर बंद होऊन परत सुरू व्हायला वेळ घ्यायचा, त्यासाठी मिनी यूपीएस, म्हणजे राउटरपुरती छोटी बॅटरी लावली. हे सगळं मेलमध्ये फोटोसकट लिहून पाठवलं. तेव्हापासून मला कुणी बोलावलेलं नाही.

बोगदामार्गे:
एवढं करण्यापेक्षा गाडी बरी.

गोडोलीकरीण:
सगळ्यांचे आभार. कृष्णाकाठ दादांनी सांगितल्याप्रमाणे वर्क ऑर्डर काढली, ठिकाण लिहिलेलं नव्हतं. यवतेश्वरकरांचं ऐकून मॅनेजरांना थेट विचारलं. त्यांची अडचण माझ्याबद्दल नव्हतीच. ऑफिसबाहेरच्या माणसाला हाच दर का, असं वरचे विचारतात म्हणाले.

मग मीच सांगितलं, दर ७७ हजार करा, पण कामाचं ठिकाण सातारा असं लिहा आणि मोठ्या रिलीजच्या, म्हणजे नवं व्हर्जन क्लायंटला देण्याच्या वेळीच बोलवा, तेही प्रवासखर्च देऊन. मान्य झालं, सही झाली.

तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलं होतं, तरी मी हिशोब असा केला. पीजीचे नऊ हजार, अर्ध्या तिकिटानंही महिन्याच्या फेऱ्या, वाकडपासून रिक्षा, वर सकाळी सासऱ्यांपाशी थांबायला एक बाई ठेवावी लागली असती. हे ८ हजारांत बसत नाही. शिवाय डाव्या हाताची मूठ त्यांना आता थोडी मिटता येते. थेरपीवाले गेल्यावर दुपारी तो व्यायाम मीच करून घेते, तो मला दुसऱ्या कुणावर सोपवायचा नाही.

टीमलीड_खराडी:
घरचं समजू शकतो. पण पुढच्या वर्षी ते ७७ वरूनच बोलणी सुरू करतील. हे चुकलंच असं माझं मत आहे.

कृष्णाकाठ:
मीही तेच म्हणतो. पण ठिकाण लिहून घेतलंत हे उत्तम केलं. दर वर्षी वाढीचं कलमही घालायला हवं होतं, पुढच्या वेळी विसरू नका.

गोडोलीकरीण:
हो, ते घालणार. यवतेश्वरकर, मिनी यूपीएस कुठला घेऊ? बाराशेपासून पुढं दिसताहेत.

यवतेश्वर_वारा:
आधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२ ते बघा, ॲम्पिअरही बघा. फायबरवाल्यानं भिंतीवर वेगळा डबा बसवला असेल तर त्यालाही वीज लागते, म्हणजे दोन पिना निघणारा घ्या. बरेच जण नुसत्या राउटरला लावतात आणि नेट का जातं म्हणून कंपनीला फोन करत बसतात.